जबड्याचा तुकडा आणि रक्ताची साक्ष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

त्र्यंबकेश्वरला गेलात आणि आपल्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे डोकावलात, तर ते आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग आतून एक लांबट, जुनी वही येते. पानं उलटत उलटत ते आपल्या आजोबांच्या, पणजोबांच्या नावापर्यंत पोहोचतात. घरात कुणालाच ठाऊक नसलेला एखादा चुलत पणजोबा तिथे अचानक भेटतो. कधी कधी घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट आणि वहीतली नोंद जुळत नाही. अशा वेळी खरं काय मानायचं, असा प्रश्न पडतो.

मानवजातीच्या वंशावळीतही अगदी असाच प्रश्न उभा राहिला होता. त्यात एक बाजू आपल्या शिवालिक टेकड्यांमधल्या दगडांची होती आणि दुसरी बाजू रक्ताची. दोन्हींच्या हिशेबात जवळजवळ एक कोटी वर्षांचा फरक पडत होता. आज मला त्या भांडणाची गोष्ट सांगायची आहे.

मी कॉलेजात होतो तो काळ १९७०च्या दशकाचा. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात मानवाच्या उत्क्रांतीचा एक तक्ता होता आणि त्यात माणसाकडे जाणाऱ्या वाटेवरचं पहिलं नाव होतं रामापिथेकस. ‘पिथेकस’ म्हणजे ग्रीक भाषेत वानर. म्हणजे रामाचा वानर! तोही सापडला भारतात. आमच्या वर्गाला याचं किती अप्रूप वाटलं असेल, याची कल्पना करा. परीक्षेत या प्रश्नाला हमखास मार्क मिळत. पण पुढे काही वर्षांतच हे नाव त्या जागेवरून नाहीसं झालं. ते का गेलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी ते शोधत गेलो, तेव्हा माणसाच्या उत्पत्तीविषयी जेवढं शिकलो, तेवढंच पुरावा कशाला म्हणतात याविषयीही शिकलो.

गोष्ट थोडी मागून सुरू करू. चार्ल्स डार्विनचा सजीवांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ १८५९ मध्ये आला. त्यात माणसाविषयी त्यानं जेमतेम एक वाक्य लिहिलं होतं. ते धाडस केलं टॉमस हक्स्ली यांनी. १८६३ मध्ये त्यांनी माणूस, चिंपँझी आणि गोरिला यांची हाडं, मेंदू, दात शेजारी शेजारी मांडून दाखवले. त्यांचं म्हणणं असं, की या वानरांत आणि शेपटीवाल्या माकडांत जेवढा फरक आहे, त्यापेक्षा माणसात आणि या वानरांत कमी आहे. १८७१ मध्ये डार्विननं माणसावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या सर्वांत जवळचे दोन वानर आफ्रिकेत राहतात, म्हणून आपले आद्य पूर्वजही बहुधा आफ्रिकेतच राहिले असावेत, असा अंदाज त्यानं केला. त्या वेळी आफ्रिकेतलं आदिमानवाचं एकही हाड त्याच्यापुढे नव्हतं.

पण पुढची पन्नास-साठ वर्षं अनेकांचं लक्ष आशियाकडे होतं. डच डॉक्टर युजीन दुबॉय मुद्दाम इंडोनेशियात गेले आणि १८९१-९२ मध्ये त्यांना जावा बेटावर ‘जावा मानव’ सापडला. उलट १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताऊंग इथे एका लहान मुलाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी पुढच्याच वर्षी तिला मानवाच्या वाटेवरची म्हणून जाहीर केलं, तर बड्या तज्ज्ञांनी त्यांना उडवून लावलं. कारण इंग्लंडात १९१२ मध्ये जाहीर झालेला ‘पिल्टडाऊन मानव’ त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तो मोठ्या मेंदूचा होता आणि त्याचा जबडा वानराचा होता. १९५३ मध्ये उघड झालं, की ती शुद्ध लबाडी होती. माणसाच्या कवटीला कानस मारून, रंगवून ओरांगउटानचा जबडा जोडला होता. हा ओरांगउटान लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता शिवालिककडे वळू. हिमालयाच्या पायथ्याच्या या टेकड्या म्हणजे नद्यांनी कोट्यवधी वर्षं आणून टाकलेल्या गाळाचे थर. १८३०च्या दशकात ह्यू फॉकनर आणि प्रोबी कॉटली यांनी इथून हत्ती, जिराफ, पाणघोडे यांचे जीवाश्म पोत्यांनी गोळा केले आणि त्यांत माकडांचेही अवशेष मिळाले. १९१० मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या गाय पिल्ग्रिम यांनी इथल्या एका वानराला सिवापिथेकस, म्हणजे शिवाचा वानर, असं नाव दिलं. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक, एडवर्ड लेविस, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगर गावाजवळ हिंडत होता. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. फक्त उजव्या बाजूचा, चार दात असलेला. १९३४ मध्ये त्यानं त्याचं बारसं केलं, रामापिथेकस. त्याच लेखात आणखी दोन नावं होती, ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस.

लेविसला वाटलं, हे तोंड आखूड आहे, सुळ्याचा खळगा लहान आहे, दातांची ओळ माणसासारखी गोलाई घेते. दुसऱ्या एका मान्यवर तज्ज्ञानं १९३५ मध्ये हा दावा फेटाळला आणि तो तुकडा पंचवीस-एक वर्षं येलच्या संग्रहालयात पडून राहिला. १९६१ मध्ये तिथल्याच एल्विन सायमन्स यांनी तो पुन्हा बाहेर काढला. नंतर डेव्हिड पिलबीम हा तरुण त्यांना येऊन मिळाला. दोघांनी मांडलं, की रामापिथेकस हाच मानवकुलाचा सर्वांत जुना ज्ञात सदस्य. त्याच सुमारास केनियात फोर्ट टर्नन इथे लुई लीकी यांना मिळालेला असाच एक जबडा १ कोटी ४० लाख वर्षांचा ठरला. म्हणजे माणसाची वाट वानरांपासून निदान तितक्या आधी फुटली, असं जगभरच्या पुस्तकांत छापलं गेलं. आमच्याही.

यातली मेख नंतर कळली. जबड्याचा तुकडा एकाच बाजूचा होता, मधोमध तो तुटलेला होता. दुसरी बाजू आरशात बघावी तशी कल्पनेनं जोडली होती. मधली रेषा थोडी इकडे धरली तर जबडा माणसासारखा गोल, थोडी तिकडे धरली तर निराळाच. पुढे जास्त पूर्ण जबडे मिळाले, तेव्हा तो आकार माणसासारखा गोलाईदार नव्हे, तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निघाला.

पण रामापिथेकसला पहिला खरा धक्का दगडांनी दिला नाही, रक्तानं दिला.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात ॲलन विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी व्हिन्सेंट सारिच हे दोघं काम करत होते. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. माणसाच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते सशाला टोचलं, की सशाचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. ही प्रतिद्रव्यं माणसाच्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतात. आता तीच चिंपँझीच्या अल्ब्युमिनमध्ये घातली तर? जवळजवळ तितकीच चिकटतात. ओरांगउटानच्या बाबतीत थोडी कमी आणि आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांसारख्या माकडांच्या बाबतीत आणखी कमी. नातं जितकं लांबचं, तितकी ओळख पुसट. रक्तावरून नातं जोखण्याची ही कल्पना तशी जुनी होती. केंब्रिजच्या जॉर्ज नटॉल यांनी १९०४ मध्येच त्यावर ग्रंथ लिहिला होता. सारिच आणि विल्सन यांनी त्याला घड्याळ जोडलं.

प्रथिनांत बदल साधारण ठरावीक गतीनं साठत जातात, असं त्यांनी धरलं. पण ही गती सगळ्यांत सारखी कशावरून? तेही त्यांनी तपासलं. अमेरिका खंडातली माकडं आपल्या सगळ्यांपासून फार पूर्वी वेगळी झाली. त्यांच्यापासून माणूस, चिंपँझी आणि आशिया-आफ्रिकेतली माकडं यांचं अंतर मोजलं, तर ते जवळपास सारखंच आलं. कुणाचं घड्याळ फार पुढे नव्हतं की फार मागे नव्हतं. मग जीवाश्मांवरून ठरलेली एक तारीख घेतली. बिनशेपटीचे वानर आणि ही माकडं यांच्या वाटा सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असं तेव्हा मानत. त्या मापानं हिशेब केला, तर माणूस आणि चिंपँझी यांच्यातलं अंतर साधारण सहाव्या हिश्श्याचं निघालं. म्हणजे ५० लाख वर्षं. डिसेंबर १९६७ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

आता पेच बघा. दगड म्हणतात, माणसाची वाट १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. रक्त म्हणतं, ५० लाख वर्षांपूर्वीपर्यंत आपण आणि चिंपँझी एकच होतो. दोन्ही खरं असणं शक्य नाही. सारिच तर म्हणू लागले, की ८० लाख वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, तो मानवकुलातला असूच शकत नाही. जन्मभर हाडं हाताळलेल्या लोकांना हे ऐकून काय वाटलं असेल? प्रयोगशाळेत ससे पाळणाऱ्यांनी आम्हाला हाडं शिकवायची? बारा-तेरा वर्षं हा वाद चालला. कधी कधी तो बराच कडवटही झाला.

निकाल लागला तो पुन्हा शिवालिकच्याच थरांत, फक्त सीमेपलीकडे. १९७३ पासून पिलबीम पाकिस्तानच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाबरोबर पोटवार पठारावर उत्खनन करत होते. तिथे त्यांच्या पथकाला एक चेहरा मिळाला. तुकडा नव्हे, जवळजवळ सगळा चेहरा, जबड्यासकट. तो सिवापिथेकसचा होता. डोळ्यांच्या खोबणी उभट आणि एकमेकींच्या अगदी जवळ, मधले पटाशीचे दात मोठे आणि बाजूचे अगदी बारीक. असा चेहरा आज एकाच प्राण्याचा आहे, ओरांगउटानचा. १९८२ मध्ये पिलबीम यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पीटर अँड्र्यूज आणि इतरांनीही सिवापिथेकसची नाळ ओरांगउटानशी जुळते, असं दाखवलं. आणि रामापिथेकस? दोघांची तुलना झाली, तेव्हा तो वेगळा प्राणीच उरला नाही. लहान चणीचा सिवापिथेकस, बहुधा मादी, असं ठरलं आणि रामापिथेकस हे नाव शास्त्राच्या यादीतून गेलं.

म्हणजे ओरांगउटानच्या गोतावळ्याला माणसाचा पूर्वज समजण्याची चूक जगात दोनदा झाली. पिल्टडाऊनला ती फसवणूक होती, हरितल्यांगरला प्रामाणिक चूक. मला मोठेपणा वाटतो तो पिलबीम यांचा. ज्या सिद्धांतावर नाव झालं, तो आपल्याच हातानं खणून काढलेल्या पुराव्यानं मोडला, तेव्हा त्यांनी तो पुरावा स्वतः प्रसिद्ध केला आणि आपण चुकलो असं उघडपणे लिहिलं. एवढंच नव्हे, १९९० मध्ये सिवापिथेकसची दंडाची हाडं मिळाली आणि ती ओरांगउटानसारखी नव्हती, तर तेही त्यांनीच मांडलं. त्यामुळे सिवापिथेकस ओरांगउटानच्या नेमका किती जवळचा, हा वाद अजून चालतो. पण तो माणसाचा पूर्वज होता, असं आता कुणी म्हणत नाही.

आफ्रिकेतल्या दगडांनीही मग रक्ताचीच बाजू घेतली. १९७४ मध्ये इथिओपियात मिळालेली ‘ल्युसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू चिंपँझीएवढाच होता. टांझानियातल्या लेटोली इथे १९७८ मध्ये ३६ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं मिळाली. जितकं मागे जावं, तितके हे जीव वानरांच्या जवळचे दिसतात. आज माणूस आणि चिंपँझी यांची फारकत साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी झाली असं बहुतेक मानतात. सारिच आणि विल्सन यांचा आकडा थोडा कमी होता, पण कोटीच्या घरातल्या आकड्यापेक्षा कितीतरी जवळचा. आणि डार्विननं एकही हाड हाती नसताना केलेला आफ्रिकेचा अंदाज बरोबर ठरला.

काही जण म्हणतात, हाडांचं काय, आज असं सांगतील, उद्या तसं. म्हणून हाडांशिवायचे दोन पुरावे सांगतो.

पहिला गुणसूत्रांचा. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांना ४८ गुणसूत्रं, माणसाला ४६. मग एक जोडी गेली कुठे? समान पूर्वज असेल, तर ती हरवून चालणार नाही, कुठेतरी जोडली गेलेली दिसली पाहिजे. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना बुटाच्या नाडीच्या टोकासारखं एक टोपण असतं. तिथे ठरावीक सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ही टोपणाची अक्षरं टोकाला तर आहेतच, पण मध्येही आहेत, एकमेकांकडे तोंड करून. दोन दोऱ्या गाठ मारून जोडाव्यात तशी ही गाठ १९९१ मध्ये सापडली. सापडली कुठे? येल विद्यापीठातच, जिथे रामापिथेकसचा तुकडा ठेवला होता. दुसऱ्या गुणसूत्रात एक जादा, निकामी झालेला मध्यबिंदूही आहे. वानरांची दोन गुणसूत्रं शेजारी ठेवली, की आपलं एक तयार होतं.

दुसरा पुरावा स्वयंपाकघरातला. आपल्याला आवळा, लिंबू, पेरू का खावे लागतात? क जीवनसत्त्वासाठी. गाय, शेळी, कुत्रा यांना त्याची काळजी नसते, ती त्यांच्या शरीरातच बनतं. ते बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडक्या अवस्थेत. आणि ते चिंपँझीत, ओरांगउटानमध्ये, माकडांतही तसंच मोडकं आहे. आमच्या पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. जुन्या पोथ्या ताडून पाहणारे जाणतात, की दोन पोथ्यांत तोच शब्द बरोबर असेल तर त्यावरून फारसं कळत नाही. पण दोन्हींत तीच चूक, त्याच जागी असेल, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. तोच न्याय इथे. गिनीपिगमध्येही हे जनुक मोडलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्याची पोथी वेगळ्या लेखकानं बिघडवली. आपली आणि चिंपँझीची एकानंच.

२००५ मध्ये चिंपँझीचा जनुकसंच वाचून झाला. जे भाग आपल्याशी ओळीला ओळ लावून ताडता येतात, त्यांत शंभर अक्षरांमागे सुमारे सव्वा अक्षराचा फरक निघाला. गाळलेल्या आणि वाढवलेल्या मजकुराचा हिशेब धरला तर फरक वाढतो, पण नात्यांचा क्रम बदलत नाही.

मी कुठेही हा विषय काढला, की एक प्रश्न ठरलेला असतो. माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? याला माझं उत्तर असं. आपला चुलतभाऊ आपल्या पोटी जन्मलेला नसतो आणि आपण त्याच्या पोटी. दोघांचे आजोबा एक असतात. चिंपँझी आपला पूर्वज नाही, तो आपला चुलत आहे. गच्चीवर उड्या मारणारा लंगूर आणखी लांबच्या शाखेतला. त्याला माणूस होण्याची गरज काय? तो लंगूर म्हणून कोट्यवधी वर्षांच्या परीक्षेत पासच झालेला आहे.

रामापिथेकस गेल्याचं सुरुवातीला मलाही वाईट वाटलं होतं. आपल्या मातीतला पूर्वज गेला असं वाटलं. पण लेविसनं राम, ब्रह्मा, सुग्रीव ही नावं दिली म्हणून तो जीव आपला ठरत नव्हता. नाव हा पुरावा नव्हे. शिवालिकची थोरवी त्यामुळे उणी होत नाही. २०२० मध्ये जम्मूजवळच्या रामनगरमधून मिळालेल्या सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या एका दाढेला ‘कपि’ असं नाव मिळालं आणि तिला गिबनचा पूर्वज म्हटलं गेलं. त्यावर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतला. एका दाढेवर किती बोलावं, हे आता सगळ्यांनाच कळलं आहे.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. बारावीत तो विषय आहे, असं सांगितलं गेलं. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला हे कधी कळणार? माझ्या पुस्तकात तर चुकीचा पूर्वज होता. तरीही त्या चुकीच्या तक्त्यामुळेच मी प्रश्न विचारत गेलो. पानच नसतं, तर विचारलं काय असतं?

तीर्थोपाध्यायांच्या वहीत चुकीची नोंद सापडली, तर आपण वही फाडत नाही. दुसरी वही आणतो, दोन्ही ताडतो आणि नोंद दुरुस्त करतो. त्यातून एखादा पणजोबा वजा होतो, एखादा चुलत वाढतो. आपलं कुळ मात्र आपण समजत होतो त्यापेक्षा मोठं निघतं.